अमेरिकन लीग भारी की नॅशनल लीग? दोन लीगची ताकद मोजण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये दोन लीग आहेत. नॅशनल लीग १८७६ सालची. अमेरिकन लीगने १९०१ मध्ये आपण तिच्या बरोबरीच्या आहोत असं जाहीर केलं आणि तिचे खेळाडू पळवायला सुरुवात केली. दोघींत भारी कोण, हा वाद तेव्हापासून चालू आहे. तो बहुतेक वेळा चुकीच्या आकड्यांवर घातला जातो. योग्य आकडे कुठले, ते कसे काढायचे आणि हिशेब कुठे फसतो, ते इथे दिलं आहे.

लीगची ताकद म्हणजे नेमकं काय?

एका लीगचा सरासरी संघ दुसऱ्या लीगच्या सरासरी संघाशी तटस्थ मैदानावर, एकाच नियमाने, भरपूर सामने खेळला तर किती टक्के जिंकेल, हा खरा प्रश्न. सगळ्यात चांगला संघ कुणाकडे, सगळ्यात मोठा तारा कुणाकडे, स्टेडियम कुणाची भरतात, हे वेगळे प्रश्न आहेत. ते यात मिसळले की हिशेब बिघडतो.

गुणतक्ता बघून हे कळत नाही का?

नाही. लीगमधल्या संघांनी आपसात खेळलेल्या प्रत्येक सामन्यात एक जिंकतो, एक हरतो. त्यामुळे आपसातल्या सामन्यांत कुठल्याही लीगची बेरीज नेहमी बरोब्बर .५००, म्हणजे निम्मे विजय, येते, मग ती जगातली सर्वोत्तम लीग असो की गल्लीतली. एखाद्या संघाने १०० सामने जिंकले यावरून तो आपल्या शेजाऱ्यांपेक्षा चांगला आहे एवढंच कळतं.

फलंदाजी-गोलंदाजीच्या आकड्यांचंही तेच. १९३० मध्ये अख्ख्या नॅशनल लीगची बॅटिंग सरासरी, म्हणजे दर संधीमागे यशस्वी फटके (हिट), .३०३ होती. १९६८ मध्ये अख्ख्या अमेरिकन लीगची .२३० होती, आणि त्या वर्षी कार्ल यास्त्रेम्स्की फक्त .३०१ वर लीगमध्ये पहिला आला. म्हणजे १९३० च्या नॅशनल लीगमधला सर्वसाधारण बॅटर १९६८ च्या अमेरिकन लीगमधल्या अव्वल बॅटरपेक्षा चांगला होता का? अर्थातच नाही. बॅटर भारी झाले की पिचर (बेसबॉलचे गोलंदाज) कमजोर झाले, की चेंडू, मैदान, नियम बदलले, हे लीगच्या आतल्या सरासरीतून वेगळं काढता येत नाही. क्रिकेट बघणाऱ्यांना हे लगेच पटेल. रणजीच्या प्लेट गटातलं द्विशतक आणि एलिट गटातलं द्विशतक धावफलकावर सारखंच दिसतं, पण निवड समिती ते सारखं धरत नाही.

तुलनेसाठी पूल लागतो. बेसबॉलमध्ये असे दोनच भक्कम पूल आहेत: दोन लीगच्या संघांमधले सामने, आणि एका लीगमधून दुसरीकडे गेलेले खेळाडू.

आंतर-लीग सामने कधीपासून आहेत?

नियमित हंगामात १२ जून १९९७ पासून. पहिला सामना टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला झाला, त्यात सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने टेक्सास रेंजर्सना ४–३ ने हरवलं. त्याआधी दोन लीगचे संघ फक्त सराव सामने, ऑल-स्टार सामना (दोन लीगच्या निवडक खेळाडूंमधला प्रदर्शनी सामना) आणि वर्ल्ड सिरीज (दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) यांतच समोरासमोर येत. २००२ ते २०१२ या काळात वर्षाला साधारण २५२ आंतर-लीग सामने होत. २०१३ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोज नॅशनलमधून अमेरिकनमध्ये गेले, दोन्हीकडे १५–१५ संघ झाले. विषम संख्येमुळे रोज कुठे ना कुठे आंतर-लीग सामना ठेवणं भाग पडलं आणि आकडा ३०० झाला. २०२३ पासून वेळापत्रकच बदललं: प्रत्येक संघ समोरच्या लीगच्या पंधराही संघांशी खेळतो. त्या वर्षी संघामागे ४६ सामने होते, म्हणजे एकूण ६९०.

हा हिशेब घरी कसा करायचा?

रेट्रोशीट या संस्थेच्या सामना-नोंदी फुकट मिळतात. एका हंगामाची एक मजकूर फाइल असते, तीत नियमित हंगामाचा प्रत्येक सामना एका ओळीत, स्वल्पविरामांनी तोडलेला. ती स्प्रेडशीटमध्ये उघडा.

फाइलला शीर्षक-ओळ नसते. पहिली ओळ हाच पहिला सामना. बरेच जण सवयीने पहिली ओळ शीर्षक म्हणून धरतात आणि एक सामना गमावतात. रकाने असे मोजा: पहिला तारखेचा, चौथा पाहुण्या संघाचा, पाचवा त्याच्या लीगचा, सातवा यजमान संघाचा, आठवा त्याच्या लीगचा, दहावा पाहुण्यांच्या धावांचा, अकरावा यजमानांच्या धावांचा. पुढे दीडशे रकाने आहेत, त्यांची इथे गरज नाही.

आता पाचवा आणि आठवा रकाना वेगळे असतील त्याच ओळी ठेवा. २००६ च्या फाइलमध्ये सुमारे २,४३० ओळी आहेत, त्यांतल्या २५२ उरायला हव्यात. तेवढ्या उरल्या नाहीत तर पुढे जाऊ नका, आधी चूक शोधा. मग जास्त धावा कुणाच्या ते बघून विजेत्याची लीग नव्या रकान्यात लिहा आणि मोजा. अमेरिकन १५४, नॅशनल ९८ असं उत्तर यायला हवं. कुठे धावसंख्या समान दिसली, म्हणजे अनिर्णित सुटलेला सामना असला, तर ती ओळ वगळा.

याच्या पुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि ती मोलाची आहे: प्रत्येक सामन्यातला धावांचा फरकही बेरजेत घ्या. १–० आणि ११–२ हे दोन्ही विजय सारखे मोजले की माहिती वाया जाते. एकूण धावफरक भागिले सामने, हा आकडा जय-पराजयापेक्षा लवकर स्थिर होतो. ढोबळ नियम असा की हंगामभरात १० जादा धावा म्हणजे एक जादा विजय.

नेहमीच्या चुका तीन. संघाची लीग कायम तीच धरणं ही पहिली: मिलवॉकी ब्रुअर्स १९९८ मध्ये अमेरिकनमधून नॅशनलमध्ये आले, ॲस्ट्रोज २०१३ मध्ये उलट दिशेने गेले, म्हणून लीग नेहमी त्या सामन्याच्या ओळीतूनच घ्या, आपल्या यादीतून नको. दुसरी, वर्ल्ड सिरीज आणि ऑल-स्टार यांचे सामने यात ओतणं. त्यांच्या फाइली वेगळ्या आहेत, त्या वेगळ्याच ठेवा. तिसरी, घरचं मैदान विसरणं. बेसबॉलमध्ये यजमान साधारण ५४ टक्के जिंकतो. पूर्ण हंगामात दोन्ही लीगचे घरचे सामने जवळपास सारखे होतात, पण जूनपर्यंतचाच हिशेब करत असाल तर यजमानपद कुणाकडे किती वेळा होतं ते मोजून बघा.

एका वर्षाचा निकाल किती विश्वासाचा?

वाटतो त्यापेक्षा कमी. दोन्ही लीग तंतोतंत सारख्या असत्या तरी निकाल १२६–१२६ लागला नसता. छापा-काट्यात जसा फरक पडतो तसा पडलाच असता. तो किती, याचं सोपं गणित: सामन्यांच्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि त्याचं अर्धं करा. २५२ चं वर्गमूळ सुमारे १५.९, त्याचं अर्धं ८. हे झालं प्रमाण विचलन. त्याच्या दुप्पट, म्हणजे १६ सामने इकडे किंवा तिकडे, हे नुसत्या नशिबाने होऊ शकतं. ११० ते १४२ विजयांच्या मधला आकडा आला तर एका वर्षावरून छाती ठोकून काही बोलू नये.

या फूटपट्टीने बघा. २००६ चे १५४ विजय अपेक्षेपेक्षा २८ जास्त, म्हणजे साडेतीन विचलनं. हे नशिबाने होत नाही. उलट २०१८ मध्ये नॅशनल लीगने १५८–१४२ असा निकाल मिळवला आणि ‘पारडं फिरलं’ अशी चर्चा झाली. ३०० सामन्यांचं विचलन ८.७ येतं, आणि नॅशनलची आघाडी अपेक्षेपेक्षा ८ ची. एक विचलनसुद्धा नाही. त्या एका हंगामावरून पारडं फिरलं असं म्हणायला आधार नव्हता, जरी पुढच्या वर्षीही नॅशनल लीगच पुढे राहिली.

म्हणून वर्षं जोडावीत. २००५ ते २००८ या चार वर्षांत अमेरिकन लीगचे विजय १३६, १५४, १३७ आणि १४९. एकूण १,००८ सामन्यांत ५७६, म्हणजे .५७१. विचलन १५.९, आघाडी ७२ ची. साडेचार विचलनं. इथे वाद संपतो.

.५७१ म्हणजे व्यवहारात किती?

अमेरिकन लीगमधला अगदी मधला संघ घ्या, ८१ जिंकून ८१ हरणारा. तो अख्खा हंगाम नॅशनल लीगच्या संघांशीच खेळला असता तर १६२ पैकी ९२-९३ सामने जिंकला असता. त्या वर्षांत एवढ्या विजयांवर बऱ्याचदा प्लेऑफ (हंगामानंतरची बाद फेरी) गाठता येत असे. धावांत बोलायचं तर सामन्यामागे सुमारे ०.७ धावेचा फरक. एका लीगने दुसरीवर इतकी मात करणं ही मोठी गोष्ट आहे.

पण वर्ल्ड सिरीज जिंकणारी लीगच भारी ना?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत दिशाभूल करणारा प्रश्न. त्याच २००६ सालचं उदाहरण घ्या. अमेरिकन लीगने आंतर-लीग सामन्यांत १५४–९८ अशी धूळ चारली आणि ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज कुणी जिंकली? नॅशनल लीगच्या सेंट लुईस कार्डिनल्सनी. हंगामात त्यांचे विजय अवघे ८३, पराभव ७८. समोर ९५ सामने जिंकलेले डेट्रॉइट टायगर्स. कार्डिनल्सनी मालिका ४–१ ने खिशात घातली.

यात चमत्कार काहीच नाही. सातपैकी चार जिंकायच्या मालिकेत प्रत्येक सामना ५५ टक्के जिंकू शकणारा संघ मालिका सुमारे ६१ टक्के वेळाच जिंकतो. म्हणजे दर पाच मालिकांत जवळजवळ दोन कमकुवत संघाच्या पदरात पडतात. शिवाय मालिका दोन संघांत असते, उरलेल्या अठ्ठावीस संघांचा तिच्याशी संबंध नसतो.

संपूर्ण इतिहास घेतला तर? १९०३ ते २०२५ या काळात १२१ वर्ल्ड सिरीज झाल्या. १९०४ मध्ये न्यू यॉर्क जायंट्सनी खेळायला नकार दिला, १९९४ मध्ये खेळाडूंचा संप होता. अमेरिकन लीगच्या ६८, नॅशनलच्या ५३. आता यातून न्यू यॉर्क यँकीज बाजूला काढा. त्यांनी ४१ वेळा अंतिम मालिका खेळून २७ जिंकल्या, १४ हरल्या. उरलेल्या ८० मालिकांचा निकाल अमेरिकन ४१, नॅशनल ३९. ज्याला लोक लीगचं वर्चस्व म्हणतात ते एका क्लबचं वर्चस्व आहे.

ऑल-स्टार सामन्याला किती वजन द्यावं?

एका सामन्याला जवळपास शून्य. १९३३ पासून बहुतेक वर्षी एकच सामना, पिचर एक-दोन डाव टाकून जातात, आणि शक्य तितक्या खेळाडूंना मैदानात उतरवायचा आग्रह असतो. २००२ मध्ये मिलवॉकीत ११ डावांनंतर दोन्हीकडचे पिचर संपले आणि सामना ७–७ असा बरोबरीत सोडावा लागला. त्या फजितीनंतर २००३ ते २०१६ या काळात या सामन्याच्या निकालावर वर्ल्ड सिरीजमध्ये घरच्या मैदानाचा फायदा कुणाला ते ठरवलं जाई. सामन्याला वजन यावं म्हणून केलेला हा नियम होता. आमच्या मते त्याने वजन आलं नाही, एका प्रदर्शनी सामन्याच्या हातात खऱ्या मालिकेची सूत्रं मात्र गेली.

पण लांब साखळी दिसली तर दुर्लक्ष करू नये. १९६३ ते १९८२ या काळात झालेल्या वीस सामन्यांपैकी नॅशनल लीगने १९ जिंकले. अपवाद फक्त १९७१ चा. दोन्ही बाजू सारख्या असत्या तर असं घडण्याची शक्यता पन्नास हजारांत एक. याच वीस वर्षांत वर्ल्ड सिरीजचा निकाल नॅशनल १२, अमेरिकन ८ असा आहे. बारा-आठवरून कुणालाच काही सिद्ध करता आलं नसतं. एकोणीस-एकवरून येतं, निदान दोन्हीकडच्या अव्वल खेळाडूंपुरतं.

त्या काळात नॅशनल लीग इतकी वरचढ का होती?

यातलं सर्वांत मोठं कारण रंगभेद. एप्रिल १९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सनी जॅकी रॉबिन्सनला मैदानात उतरवलं. अमेरिकन लीगमध्ये त्याच जुलैत क्लीव्हलँडने लॅरी डोबीला घेतलं, म्हणजे सुरुवातीला फरक तीनच महिन्यांचा. खरा फरक त्यानंतर पडला. नॅशनल लीगचे क्लब कृष्णवर्णीय खेळाडू घेत गेले, अमेरिकन लीगचे बरेच क्लब दार अडवून बसले. यँकीजमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, एल्स्टन हॉवर्ड, १९५५ मध्ये आला. बॉस्टन रेड सॉक्समध्ये तर थेट १९५९ मध्ये, पम्प्सी ग्रीन.

परिणाम एका यादीत दिसतो. १९४९ ते १९५९ या अकरा वर्षांत नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार नऊ वेळा कृष्णवर्णीय खेळाडूला मिळाला: रॉबिन्सन, रॉय कॅम्पानेला तीनदा, विली मेज, डॉन न्यूकम, हँक ॲरन, आणि अर्नी बँक्स लागोपाठ दोनदा. अमेरिकन लीगमध्ये असा पहिला पुरस्कार १९६३ उजाडेपर्यंत कुणालाच मिळाला नाही. तो हॉवर्डला मिळाला. गुणी माणसांना दाराबाहेर ठेवलं की लीग कमजोर होते. हे आकड्यांत इतकं स्पष्ट क्वचितच दिसतं, आणि यँकीज त्या दशकात जिंकत राहिल्यामुळे अमेरिकन लीगला आपली घसरण बराच काळ जाणवलीही नाही.

लीग बदललेल्या खेळाडूंवरून ताकद कशी काढतात?

दुसरा पूल हा, आणि १९९७ च्या आधीच्या काळासाठी मुख्य आधारही हाच. पण एका खेळाडूवरून निष्कर्ष काढू नका. फ्रँक रॉबिन्सनला सिनसिनाटी रेड्सनी १९६५ च्या अखेरीस बाल्टिमोरला देऊन टाकलं. नॅशनल लीगमधल्या शेवटच्या वर्षी त्याची सरासरी .२९६, होम रन (थेट मैदानाबाहेर मारलेले फटके) ३३. अमेरिकन लीगमध्ये पहिल्याच वर्षी .३१६, ४९ होम रन, १२२ आरबीआय (त्याच्या बॅटिंगमुळे संघाला मिळालेल्या धावा) आणि तिहेरी मुकुट, म्हणजे या तिन्हींत लीगमध्ये पहिला. नॅशनल लीग भारी होती या मताला हे जुळतं, म्हणून नेहमी दिलं जातं. पण तेवढंच मोठं वर्ष त्याने १९६२ मध्ये नॅशनल लीगमध्येही काढलं होतं.

पद्धत अशी. ‘अ’ लीगमधून ‘ब’ मध्ये गेलेले सगळे बॅटर घ्या, ज्यांना आधीच्या आणि नंतरच्या वर्षी समजा २०० वेळा तरी बॅटिंग मिळाली. प्रत्येकाच्या आकड्यातून मैदानाचा परिणाम काढा. डेन्व्हरचं कूअर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे ५,२०० फुटांवर आहे, तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो. तिथून आलेला बॅटर कुठेही गेला तरी आकडा पडणारच. मग प्रत्येकाचा आकडा त्या-त्या लीगच्या सरासरीशी ताडून बदल मोजा. ज्याला दोन्ही वर्षांत मिळून कमी संधी मिळाली त्याचं वजन कमी ठेवा. हाच हिशेब ‘ब’ मधून ‘अ’ मध्ये आलेल्यांचाही करा.

आता कळीची गोष्ट. समजा ‘अ’ मधून ‘ब’ मध्ये गेलेल्यांचं ओपीएस (बेसवर पोहोचण्याचं प्रमाण अधिक फटक्यांची ताकद) सरासरी १० अंकांनी वाढलं आणि उलट दिशेने आलेल्यांचं २० अंकांनी घसरलं. (आकडे समजावण्यापुरते.) नुसती पहिली बाजू बघणारा म्हणेल फरक १० चा, नुसती दुसरी बघणारा म्हणेल २० चा. दोघेही चूक. वय वाढल्यामुळे होणारी घसरण दोन्ही गटांत आहे. तिची वजावट करायची तर दोन बदलांमधला फरक घ्या, ३०, आणि त्याचं अर्धं करा. लीगमधला फरक १५ अंक. उरलेले वजा ५ हे वयाचे. दोन्ही दिशा मोजल्याशिवाय या पद्धतीला अर्थ नाही.

हिशेब फसतो तो निवडीमुळे. नव्या लीगमध्ये जो साफ अपयशी ठरतो त्याला बाकावर बसवतात, त्याच्या २०० संधी भरत नाहीत, आणि तो यादीतून गळतो. उरतात ते टिकलेले. किमान संधींची अट जितकी कडक, तितका हा दोष मोठा. म्हणून ५०० ची अट ऐकायला काटेकोर वाटली तरी २०० चीच बरी.

पिचर नॅशनल लीगमध्ये गेले की अचानक चमकायचे, त्याचं काय?

सीसी सबाथिया २००८ च्या जुलैत क्लीव्हलँडहून मिलवॉकीला गेला. अमेरिकन लीगमध्ये त्याचे ६ विजय, ८ पराभव, ईआरए (पिचरने नऊ डावांमागे दिलेल्या धावा) ३.८३. नॅशनलमध्ये ११–२ आणि १.६५. लोकांनी यावरून दोन लीगमधलं अंतर मोजलं.

यातला मोठा भाग नियमाचा आहे. १९७२ मध्ये अमेरिकन लीगमध्ये संघामागे सामन्याला जेमतेम साडेतीन धावा होत होत्या. ते रटाळ झालं म्हणून १९७३ पासून तिने डेसिग्नेटेड हिटर, म्हणजे डीएच, आणला: पिचरऐवजी बॅटिंग करणारा वेगळा बॅटर. ६ एप्रिल १९७३ ला यँकीजचा रॉन ब्लूमबर्ग पहिला डीएच म्हणून उतरला. नॅशनल लीगने हा नियम कायमचा स्वीकारला तो २०२२ मध्ये, मधला २०२० चा कोविडचा हंगाम वगळता. म्हणजे जवळपास अर्धशतक नॅशनल लीगमधल्या पिचरला दर फेरीत समोर नववा बॅटर म्हणून दुसरा पिचर मिळत असे, ज्याला बाद करणं सोपं. या काळातले दोन लीगचे ईआरए तसेच शेजारी ठेवणं म्हणूनच चूक. प्रत्येक पिचरची तुलना आधी त्याच्या लीगच्या सरासरीशी करा, किंवा समोर पिचर बॅटिंगला आला ते प्रसंग वगळूनच आकडा काढा.

आंतर-लीग सामन्यांत नियम यजमानाचा असे. अमेरिकन लीगच्या मैदानावर नॅशनलचा संघ बाकावरचा राखीव बॅटर डीएच करी. नॅशनलच्या मैदानावर अमेरिकनच्या पिचरला बॅट हातात घ्यावी लागे आणि महागडा डीएच बाकावर बसे. त्यामुळे त्या वर्षांचा हिशेब करताना दोन्ही मैदानांचे निकाल एकदा वेगळे मांडून बघावेत.

२००४ ते २०१७ अमेरिकन लीग सलग चौदा वर्षं पुढे कशी राहिली?

एकच कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पैसा होता: यँकीजचा पगारखर्च २००५ मध्ये २० कोटी डॉलरच्या पुढे गेला, आणि त्यांच्या मागे धावताना रेड सॉक्स व इतरांनाही सुधारावं लागलं. डीएचची जागा होती: पस्तिशीकडे झुकलेल्या बॅटरला दहा वर्षांचा करार देताना अमेरिकन लीगच्या क्लबला माहीत असे की पळता येईनासं झालं तरी त्याला बॅटिंगला ठेवता येईल. अल्बर्ट पुहोल्स २०११ च्या डिसेंबरात सेंट लुईस सोडून एंजल्सकडे गेला, दहा वर्षं, २४ कोटी डॉलर. दोन महिन्यांच्या आत प्रिन्स फील्डर मिलवॉकीहून डेट्रॉइटला, नऊ वर्षं, २१.४ कोटी. मिगेल कॅब्रेरा त्याआधीच फ्लोरिडाहून डेट्रॉइटला आला होता आणि २०१२ मध्ये तिथे त्याने तिहेरी मुकुट जिंकला.

एक बारकावा सांगायलाच हवा. २०१३ मध्ये अमेरिकन लीगने ॲस्ट्रोजना घेतलं, तेव्हा ते सगळ्यांत दुबळे होते. त्या वर्षी १११ सामने हरले. हे ओझं घेऊनही अमेरिकन लीगने १५४–१४६ असा निकाल राखला.

नवे संघ आले की लीग कमजोर होते का?

काही वर्षं, हो. १९६२ मध्ये नॅशनल लीगमध्ये आलेले न्यू यॉर्क मेट्स १२० सामने हरले. त्यांच्याविरुद्ध मिळालेले विजय आणि होम रन बाकीच्यांच्या खात्यात जमा झाले. तुलना करताना विस्ताराची वर्षं लक्षात ठेवा: अमेरिकन १९६१, नॅशनल १९६२, दोन्ही १९६९, अमेरिकन १९७७, नॅशनल १९९३, दोन्ही १९९८.

जुन्या, बंद पडलेल्या लीगना हीच मोजपट्टी लागते का?

लागते, आणि तिथे ती सर्वांत स्पष्ट दिसते. १८८४ मध्ये युनियन असोसिएशन नावाची लीग एकच हंगाम चालली. तिचा अध्यक्ष हेन्री लुकास स्वतः सेंट लुईस मरून्सचा मालक होता आणि चांगले खेळाडू त्याने आपल्याच संघात भरले. मरून्स ९४ जिंकले, १९ हरले. फ्रेड डनलॅपची सरासरी .४१२. पुढच्या वर्षी हाच संघ नॅशनल लीगमध्ये घेतला गेला: ३६ विजय, ७२ पराभव, तळाची जागा. डनलॅप .२७० वर आला.

१९१४-१५ ची फेडरल लीग मात्र इतकी पोकळ नव्हती. तिचा तारा बेनी कॉफ .३७० आणि .३४२ करून १९१६ मध्ये न्यू यॉर्क जायंट्सकडे गेला तेव्हा .२६४ वर उतरला, हे खरं. पण अमेरिकन लीगमध्ये १९१४ ला १७–३ असलेला पिचर चीफ बेंडर फेडरल लीगमध्ये ४–१६ झाला, हेही खरं. दोन्ही दिशा बघा म्हणतो ते यासाठीच.

१९०१ मध्ये नॅप लाजोईने .४२६ केली. म्हणजे नवी अमेरिकन लीग फारच सोपी होती?

थोडी सोपी होतीच, गुणी खेळाडू दोन लीगमध्ये विभागले गेले होते. पण इथे एक नियम लपलेला आहे. त्याआधी फाउल गेलेला, म्हणजे बॅटला लागून रेषेबाहेर गेलेला चेंडू स्ट्राइक (तीन झाले की बॅटर बाद) धरत नसत, म्हणजे चिवट बॅटर हवे तितके चेंडू बाहेर ढकलून पिचरला दमवू शकत असे. नॅशनल लीगने १९०१ मध्ये पहिले दोन फाउल स्ट्राइक धरायला सुरुवात केली. अमेरिकन लीगने तो नियम १९०३ मध्ये घेतला. मधली दोन वर्षं दोन लीग वेगळाच खेळ खेळत होत्या. लाजोईची सरासरी १९०३ मध्ये .३४४ होती, आणि तरीही तो लीगमध्ये पहिलाच होता.

जपानमध्येही असाच वाद आहे म्हणतात?

आहे, आणि तितकाच जिव्हाळ्याचा. सेंट्रल आणि पॅसिफिक या लीग १९५० पासून वेगळ्या आहेत. लोकप्रियता सेंट्रलची, कर्तबगारी पॅसिफिकची, असं तिथे म्हटलं जातं. आंतर-लीग सामने २००५ मध्ये सुरू झाले, आणि २०१९ पर्यंतच्या पंधरा हंगामांत सेंट्रल लीग फक्त २००९ मध्ये पुढे राहिली. २०१९ आणि २०२० च्या जपान सिरीजमध्ये पॅसिफिकच्या सॉफ्टबँक हॉक्सनी योमिउरी जायंट्सना दोन्ही वेळा ४–० ने धुतलं. पॅसिफिकमध्ये डीएच १९७५ पासून आहे, सेंट्रलने तो घ्यायचं ठरवायलाच अर्धशतक लावलं, तेही २०२७ पासून.

हिशेब करताना दोन गोष्टी सांभाळा. तिथे बारा डावांनंतर सामना अनिर्णित सुटतो, म्हणून टक्केवारी काढताना बरोबरीचे सामने भाजकातून वगळा. आणि सामने कमी आहेत: संघामागे आधी ३६, मग २४, आता १८. अठराच्या हिशेबाने वर्षाला १०८ सामने, विचलन ५.२. एका वर्षी ५७–५१ दिसलं तर ते काहीच सांगत नाही.

मग आज कोण भारी?

आता फरक पूर्वीपेक्षा लहान असायला हवा. डीएच दोन्हीकडे आहे, वेळापत्रक मिसळलेलं आहे, लीगची स्वतंत्र कार्यालयं शतकाच्या वळणावरच बंद झाली. शोहेई ओहतानी अमेरिकन लीगमध्ये २०२१ आणि २०२३ चा सर्वोत्तम खेळाडू होता, डॉजर्सकडे येऊन २०२४ आणि २०२५ चा नॅशनल लीगमधलाही झाला. हा पुरस्कार दोन्ही लीगमध्ये मिळवणारा त्याच्याआधी एकच माणूस होता, फ्रँक रॉबिन्सन.

ताजं उत्तर हवं असेल तर हंगाम संपल्यावर फाइल उघडा, पाचवा आणि आठवा रकाना वेगळे असलेल्या ओळी काढा. आता त्या जवळपास सातशे असतात, विचलन १३ च्या आसपास. एका लीगची आघाडी अपेक्षेपेक्षा २६ विजयांच्या पुढे गेली असेल तरच तिचं नाव घ्या. नसेल तर मागची दोन वर्षं जोडून पुन्हा मोजा.